जोखीम नेमकी कोणाची?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आज मी तुम्हाला एका चित्रपटाबद्दल सांगणार आहे. चित्रपट म्हटलं तरी तो गाण्याबिण्यांचा नाही, माहितीपट आहे. आणि मी काही चित्रपटांचा जाणकार नाही. माझं आयुष्य गेलं पिंपरी-चिंचवडच्या टूलरूममध्ये, पत्रा दाबायच्या डाय बनवण्यात. तेव्हा मी जे सांगेन ते एका डायमेकरच्या नजरेनं पाहिलेलं असेल, एवढं आधी सांगून ठेवतो.

झालं असं, की माझ्या पुतण्यानं चांगली नोकरी सोडली. विजेवर चालणाऱ्या तीनचाकी गाड्यांचे सुटे भाग बनवायचा त्यानं स्वतःचा धंदा काढलाय. घरात सगळे नाराज. गेल्या दिवाळीत तो लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, "काका, हा माहितीपट बघाच. धाडस म्हणजे काय असतं ते कळेल." माझी बाजू आपल्याकडे वळवून घ्यावी, असा त्याचा डाव होता. मीही बसलो बघायला.

माहितीपटाचं नाव 'फ्रेमिंग जॉन डीलॉरियन'. डॉन अर्गॉट आणि शीना जॉइस या दोघांनी तो २०१९ मध्ये केला. यात खऱ्या माणसांच्या मुलाखती आहेत, जुनी चित्रफीत आहे, आणि काही प्रसंग नटांकडून करवून घेतलेत. डीलॉरियनचं काम ॲलेक बाल्डविननं केलंय. गंमत अशी, की मेकअप चालू असताना हा नट आपण रंगवतोय तो माणूस कसा असेल, त्यानं असं का केलं असेल, यावर बोलत राहतो. म्हणजे नाटकही बघा आणि पडद्यामागची रंगपटाची खोलीही बघा. मला हे आवडलं. कारण डीलॉरियन हा माणूसच असा होता, की त्याचा मेकअप कुठे संपतो आणि चेहरा कुठे सुरू होतो, हे शेवटपर्यंत कोणाला कळलं नाही.

आता हा डीलॉरियन कोण? 'बॅक टू द फ्यूचर' हा १९८५ चा अमेरिकन चित्रपट तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. त्यात काळातून मागेपुढे प्रवास करणारी, पंखांसारखे वर उघडणारे दरवाजे असलेली चंदेरी मोटार आहे. ती मोटार ज्यानं काढली, तो हा जॉन डीलॉरियन. मजेची आणि दुःखाची गोष्ट म्हणजे, चित्रपटानं ती गाडी जगभर पोहोचवली तेव्हा ती बनवणारी कंपनी बुडून तीन वर्षं झाली होती.

डीलॉरियनचा जन्म १९२५ चा, डेट्रॉइटचा. वडील रुमानियातून आलेले, फोर्डच्या ओतशाळेत कामगार. मुलगा शिकला, इंजिनीअर झाला आणि १९५६ मध्ये जनरल मोटर्सच्या पाँटियाक विभागात लागला. तिथे त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक उद्योग केला. मध्यम आकाराच्या गाडीत अमुक मापापेक्षा मोठं इंजिन बसवायचं नाही, असा कंपनीचा नियम होता. यांनी मोठं इंजिन बसवलं आणि वरिष्ठांची मंजुरी लागू नये म्हणून ती वेगळी गाडी न दाखवता जुन्याच गाडीबरोबर मिळणारी जादा सोय म्हणून दाखवली. हीच ती पाँटियाक जीटीओ. पाच हजार गाड्या खपतील असा हिशेब होता; १९६४ च्या त्या पहिल्या वर्षात बत्तीस हजारांहून अधिक खपल्या.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. ती गाडी पडली असती, तर काय झालं असतं? डीलॉरियनची बढती गेली असती, फार तर नोकरी गेली असती. जनरल मोटर्स बुडाली नसती. म्हणजे धाडस त्याचं आणि डोकंही त्याचंच पणाला.

ती गाडी चालली आणि माणूस वर चढत गेला. चाळिसाव्या वर्षी पाँटियाकचा प्रमुख, मग शेव्हरलेचा. केस वाढवले, हनुवटीची शस्त्रक्रिया करून घेतली, नट्यांबरोबर फिरू लागला, मॉडेल क्रिस्टिना फेरारेशी लग्न केलं. राखाडी सूट घालणाऱ्या साहेबांना हे मानवण्यासारखं नव्हतं. १९७३ मध्ये तो जनरल मोटर्समधून बाहेर पडला आणि दोन वर्षांनी त्यानं स्वतःच्या नावाची मोटार कंपनी काढली. अमेरिकेत नव्यानं मोटार कंपनी काढून ती टिकवणं ही गोष्ट त्या काळात जवळपास अशक्यच समजली जायची.

त्याची कल्पना मात्र भुरळ घालणारी होती. दोन-तीन वर्षांत फेकून द्यायची नाही, तर टिकणारी, सुरक्षित, नीतिमान मोटार. आकार दिला इटलीच्या जोरजेत्तो जुजारोनं. अंगाला रंग नाही, नुसता स्टेनलेस स्टीलचा पत्रा. हे ऐकल्यावर मी खुर्चीत पुढे सरकून बसलो. ज्यानं हा पत्रा दाबलाय त्यालाच ठाऊक, तो किती हट्टी असतो. डायमधून बाहेर आला की परत थोडा उलगडतो. तो किती उलगडेल, याचा अंदाज धरून डाय घासावी लागते. वर रंग नाही, म्हणजे चूक झाकायला लांबी-पुट्टी नाही. बोटांचे ठसेसुद्धा दिसतात. दरवाजे वर उचलायला पिळाचा एक पोलादी दांडा होता, तो विमानं बनवणाऱ्या ग्रमन कंपनीनं द्रवरूप नायट्रोजनमध्ये गारठवून पिळला होता. कारागिरी म्हणून बघाल तर हात जोडावेत अशी.

पण मोटार कल्पनेवर निघत नाही, कारखाना लागतो. आणि कारखान्याला पैसा. डीलॉरियननं पोर्टो रिकोशी बोलणी केली, आयर्लंडच्या प्रजासत्ताकाकडे विचारणा केली. त्यांनी नकार दिला. मग १९७८ मध्ये ब्रिटनचं मजूर सरकार पुढे आलं. अट एकच, कारखाना उत्तर आयर्लंडमध्ये, बेलफास्टच्या पश्चिमेला उभारायचा.

त्या वेळचं बेलफास्ट म्हणजे कॅथलिक आणि प्रोटेस्टंट वस्त्यांमधले बॉम्बस्फोट, गोळीबार, रस्त्यावर लष्कर. पश्चिम बेलफास्टमध्ये बाप बेकार, मुलगा बेकार अशी घरंच्या घरं. काम मिळालं तर पोरं बंदुकीकडे वळणार नाहीत, असा सरकारचा विचार. विचार वाईट नव्हता. सल्लागारांनी हा प्रकल्प फार जोखमीचा असल्याचं सांगितलं होतं, तरी काही आठवड्यांत करार झाला. डनमरीच्या दलदलीच्या शेतात दीड-दोन वर्षांत कारखाना उभा राहिला. त्याला दोन फाटकं होती. एक ट्विनब्रुकच्या कॅथलिक वस्तीकडून, दुसरं प्रोटेस्टंट वस्तीकडून. माणसं दोन फाटकांतून आत यायची आणि एकाच लाइनवर शेजारी-शेजारी उभी राहायची.

अडीच हजारांवर माणसं कामाला लागली. त्यातल्या बहुतेकांनी मोटार बनवणं सोडाच, मोटारीचा कारखानाही आतून पाहिला नव्हता. कित्येकांची ती आयुष्यातली पहिली नोकरी. १९८१ च्या सुरुवातीला गाड्या बाहेर पडू लागल्या. त्याच वर्षी मे महिन्यात तुरुंगात उपोषण करणारा बॉबी सँड्स मरण पावला. त्याचं कुटुंब ट्विनब्रुकचंच. दंगली उसळल्या, कारखान्याच्या आवारातल्या कचेऱ्यांवर पेट्रोल बॉम्ब पडले. तरी लाइन चालू राहिली.

सुरुवातीच्या गाड्यांत खोड्या होत्या. दरवाजा नीट बसायचा नाही, बॅटरी उतरायची. नवशिके हात, त्यात घाई. अमेरिकेत पोहोचल्यावर गाड्या खास केंद्रांमध्ये पुन्हा खोलून दुरुस्त कराव्या लागत. पण हात बसत गेले तशा नंतरच्या गाड्या सुधारत गेल्या. मी स्वतः आयटीआयची नवी पोरं हाताखाली घेतली आहेत. वर्षभरात माणूस कसा घडतो, ते मला माहीत आहे. बेलफास्टच्या त्या माणसांना वर्षच मिळालं.

कारण गाडीची किंमत ठरली होती बारा हजार डॉलर, ती निघाली पंचवीस हजारांना. कॉर्व्हेटपेक्षा कितीतरी महाग, आणि पळायला तिच्याहून संथ. त्यात अमेरिकेत मंदी. गाड्या पडून राहू लागल्या. अशा वेळी शहाणा माणूस उत्पादन कमी करतो. डीलॉरियननं १९८१ च्या अखेरीला ते दुप्पट केलं, दिवसाला ऐंशी गाड्यांवर नेलं, नवी माणसं भरली. कारण कंपनीचे शेअर बाजारात आणायचे होते आणि आकडे मोठे दिसायला हवे होते. शेअर बाजारात आलेच नाहीत. जानेवारीत अकराशे माणसं घरी बसली. त्यातल्या कित्येकांना लागून दोन-तीन महिनेच झाले होते. थॅचरबाईंच्या सरकारनं आणखी पैसा द्यायला नकार दिला आणि फेब्रुवारी १९८२ मध्ये कंपनी रिसीव्हरच्या ताब्यात गेली. तोवर ब्रिटिश करदात्यांचे सुमारे पावणेआठ कोटी पौंड त्यात गेले होते. गाड्या बनल्या एकूण सुमारे नऊ हजार.

पुढचा भाग एखाद्या रहस्यपटासारखा आहे. कंपनी वाचवायला डीलॉरियन पैशासाठी वणवण करत होता. त्याच्या ओळखीचा एक माणूस एका योजनेसह आला. योजना कोकेनच्या व्यापाराची, आणि माणूस सरकारचा खबऱ्या. १९ ऑक्टोबर १९८२ ला लॉस एंजलिसच्या एका हॉटेलात, लपवलेल्या कॅमेऱ्यासमोर, डीलॉरियन मादक द्रव्याच्या पेटीकडे बघून हे सोन्याहून चांगलं आहे असं म्हणतो, आणि थोड्याच वेळात त्याला अटक होते. त्याच दिवशी बेलफास्टचा कारखाना कायमचा बंद होत असल्याची घोषणा झाली. सरकारी यंत्रणेनंच सापळा लावून त्याला गुन्ह्यात ओढलं, असा बचाव झाला आणि ऑगस्ट १९८४ मध्ये ज्यूरीनं त्याला निर्दोष सोडलं.

मग उरतं काय? उरतो एक कोटी शहात्तर लाख डॉलरचा हिशेब. गाडीच्या तांत्रिक कामासाठी लोटस कंपनीला द्यायचे म्हणून हे पैसे जिनिव्हातल्या पत्त्यावर, पनामात नोंदलेल्या एका कंपनीकडे गेले आणि लोटसपर्यंत पोहोचलेच नाहीत. लोटसचा मालक कॉलिन चॅपमन १९८२ च्या डिसेंबरात वारला. त्याचा आर्थिक कारभारी फ्रेड बुशेल याला १९९२ मध्ये बेलफास्टच्या न्यायालयानं तीन वर्षांची शिक्षा दिली. चॅपमन जिवंत असता तर त्याला निदान दहा वर्षं ठोठावली असती, असं न्यायाधीश म्हणाले. डीलॉरियनवर या पैशांबाबत अमेरिकेत खटला झाला, तिथेही १९८६ मध्ये तो सुटला. तो परत ब्रिटनच्या न्यायालयासमोर उभा राहिला नाही. १९९९ मध्ये त्याचं दिवाळं निघालं आणि २००५ मध्ये तो वारला.

माहितीपटात मला सगळ्यात लागली ती त्याची मुलं. अटक झाली तेव्हा मुलगा झॅक आणि मुलगी कॅथरिन दोघंही लहान होती. खटल्यानंतर आई-वडील वेगळे झाले. मुलगी वडिलांच्या बाजूनं, जपून बोलते. मुलगा कडवट आहे, मध्येच शिव्याही घालतो. बापाच्या धाडसाच्या गोष्टी जग सांगतं, आणि घर कसं मोडलं ते हा सांगतो.

या माणसावर एक जुना माहितीपटही आहे. डी. ए. पेनेबेकर आणि क्रिस हेगेडस या नामवंत जोडीनं तो १९८१ मध्ये केला, म्हणजे कारखाना सुरू होत होता तेव्हा. पुढे काय होणार, हे तेव्हा ना त्यांना ठाऊक, ना डीलॉरियनला. आता बघा, करार तोच, कारखाना तोच, पैसाही तोच. १९८१ मध्ये त्याला द्रष्टेपण म्हणायचं आणि १९८२ नंतर लबाडी? २०१९ चा माहितीपट हाच प्रश्न फिरवून फिरवून विचारतो. हा द्रष्टा होता की ठग? पुतण्याचंही तेच. म्हणाला, "काका, यशस्वी झाला असता तर लोकांनी डोक्यावर घेतलं असतं की नाही?"

घेतलं असतं. पण मला वाटतं, प्रश्नच चुकीच्या माणसाबद्दल विचारला जातो. आणि असं का वाटतं, त्यासाठी मला माझीच एक गोष्ट सांगावी लागेल.

नव्वदीच्या दशकात मीही नोकरी सोडली होती. भोसरी एमआयडीसीत भाड्याची शेड घेतली, दोन जुनी मशिनं, सात माणसं. एका मोठ्या पार्टीनं नव्या गाडीच्या डायचं काम देऊ केलं. बायकोच्या पाटल्या गहाण टाकल्या, बँकेचं कर्ज काढलं. नातेवाईक म्हणायचे, काय हिंमत आहे! मलाही ते ऐकायला गोड वाटायचं. मग त्या पार्टीचा प्रकल्पच गुंडाळला गेला. डाय तयार, पेमेंट अडकलेलं. मी कोणालाच काही सांगितलं नाही. आज येईल, उद्या येईल म्हणत माणसांना कामावर बोलवत राहिलो. तीन महिने पगार थकला. शेवटी शेडला कुलूप लावलं तेव्हा माझा फिटर मला एवढंच म्हणाला, "सायेब, हिंमत तुमची, पण फी माझ्या पोराची गेली."

त्याला मी उत्तर देऊ शकलो नाही. मला नोकरी परत मिळाली, पाटल्याही चार वर्षांनी सुटल्या. माणसांचे पैसे मी हळूहळू फेडले, सहा जणांचे. सातवा, एक हेल्पर, मराठवाड्यात गावी निघून गेला. त्याचा पत्ता माझ्याकडे नव्हता. घ्यायचं मला सुचलंच नव्हतं. त्याचे पैसे द्यायचे राहिले ते राहिलेच.

म्हणून त्या माहितीपटात मी डीलॉरियनकडे कमी आणि त्या दोन फाटकांकडे जास्त बघत होतो. जीटीओच्या वेळी त्यानं स्वतःची खुर्ची पणाला लावली होती. बेलफास्टमध्ये पणाला लागला तो करदात्यांचा पैसा, लहान पुरवठादारांची बिलं आणि अडीच हजार घरांचा पगार. उत्पादन दुप्पट करताना त्यानं त्या माणसांना सांगितलं होतं का, की बाबांनो, गाड्या खपत नाहीयेत, हा जुगार आहे, तुम्ही येता का? ज्याला नोकरी नव्हती त्यानं कदाचित हो म्हटलं असतं. पण विचारणं आणि न विचारणं, यात फरक आहे. तो ठग नसता, पैन् पैचा हिशेब चोख असता, तरी हा फरक राहिलाच असता. मी ठग नव्हतो. माझे हिशेब चोख होते.

जाता जाता, डायमेकर म्हणून एक गोष्ट सांगतो. कंपनी बुडाल्यावर त्या हट्टी पत्र्याच्या डाय भंगारात निघाल्या. त्यातल्या काही आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर मत्स्यशेतीची जाळी जागेवर धरून ठेवायला, नांगर म्हणून समुद्रात सोडल्या. एकेक डाय म्हणजे किती महिन्यांचं घासकाम, ते मी जाणतो. ज्यांनी त्या घासल्या त्यांची नावं कुठल्याच माहितीपटात नाहीत.

माहितीपट संपल्यावर पुतण्यानं विचारलं, "मग मी काय करू? धंदा बंद करू?" मी म्हटलं, "मुळीच नको. तुझ्याकडे किती माणसं आहेत?" म्हणाला, "अकरा." "तुझ्याजवळ किती महिन्यांचा पैसा आहे, ते त्यांना माहीत आहे?" तो गप्प बसला. मग म्हणाला, "असं सांगितलं तर चांगली माणसं सोडून जातील, काका." मी म्हटलं, "जातील. तो त्यांचा हक्क आहे."

दोन आठवड्यांनी त्याचा फोन आला. त्यानं सगळ्यांना समोर बसवून हिशेब सांगितला होता. पाच महिन्यांचा पैसा आहे, पुढची ऑर्डर नक्की नाही. दोघं सोडून गेले, त्यातला एक त्याचा सगळ्यात चांगला इंजिनीअर. पोरगा खट्टू झाला होता. नऊ जण थांबलेत. "काका, यापुढे दर महिन्याच्या एक तारखेला हिशेब सांगायचा, असं ते म्हणतायत," तो म्हणाला. मी विचारलं, "मग तू काय म्हणालास?"

"हो म्हणालो," तो म्हणाला. "आता भीती वाटते, पण ती माझ्या एकट्याची नाही."